गळ्यापाशी सांगायची गोष्ट

“आता मी जे सांगणार आहे ते खरं वाटायचं नाही. आजवर कुणालाच वाटलेलं नाही,” असं म्हणत छाई-युनने नवऱ्याच्या तोंडावरचा वाफाळता पंचा उचलला.

“मग सांगतेस कशाला?” हुओ-वांग डोळे मिटूनच म्हणाला. “आणि हे बघ म्हातारे, गिऱ्हाइकांना सांगून झिजलेली मला नको. ती पोस्टमनला गिळणाऱ्या माशाची तर नकोच नको. तो मासा आता म्हातारा होऊन मेला असेल.”

“नवी आहे. अजून कुणाला सांगितलेली नाही. तोंड मीट, फेस आत जाईल.”

ती ब्रश फिरवू लागली. मंगळवारच्या दुपारी दुकानात कुणी नसतं, आणि एकाआड एक मंगळवारी ती नवऱ्याची दाढी करते, ते गेली चव्वेचाळीस वर्षं. च्याई शहरातल्या जुन्या बाजारामागच्या गल्लीतलं हे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी, एक लांब आरसा, आणि आरशाच्या कडेला वस्तरा परजायचा चामड्याचा पट्टा. गल्लीतले म्हातारे इथे केस कापायला कमी आणि थापा ऐकायला जास्त येतात असं लोक म्हणत, आणि छाई-युन ते नाकारत नसे. पण थापांनाही शास्त्र असतं, ते लोकांना ठाऊक नव्हतं. केस कापताना हसवायचं, गालांवर वस्तरा असताना हसवलं तरी निभतं, पण वस्तरा हनुवटीखाली उतरला की गोष्टीत कुणीतरी मेलंच पाहिजे. हसणाऱ्या माणसाचा कंठमणी उडतो. वाईट ऐकणारा माणूस श्वास धरून गप्प पडून राहतो. हे तिला चौदाव्या वर्षी स्टेशनजवळच्या दुकानात थाओ बाईंनी शिकवलं होतं, आणि म्हणून तिच्या सगळ्या गोष्टी हसत सुरू होऊन मरणात संपत. त्यात तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं. गळा होता.

महिन्यापूर्वी लाई मास्तरांच्या गळ्यापाशी तिची गोष्ट मोडली. वादळात सापडलेला कोळी तीन दिवस होडीच्या फळीवर तरंगत होता, चौथ्या दिवशी त्याला आपल्याच गावचे दिवे दिसणार होते आणि दिवे दिसता दिसता तो बुडणार होता. तेवढ्यात छाई-युनच्या छातीत कुणीतरी पायरी चुकलं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीन लागावी, तसा आतून धक्का बसला. मग काहीच नाही. मग घाईघाईने, चोर पळाल्यासारखी सात-आठ पावलं. हात हलला नाही. हात पन्नास वर्षांचा मुरलेला, त्याला मालकिणीची गरज नव्हती. पण कोळी गेला. होडी, फळी, दिवे सगळं गेलं. “मग?” मास्तर डोळे न उघडता म्हणाले. “मग तो घरी आला,” ती म्हणाली. मास्तरांनी डोळे उघडले. “जिवंत?” “जिवंत.” “छाई-युन,” मास्तर फेसाळल्या तोंडाने म्हणाले, “तीस वर्षं येतोय मी इथे. तुझ्याकडे माणूस कधी घरी पोहोचला नाही. तुला बरं नाही का?” ती हसली, पंच्याने त्यांचं तोंड पुसलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिने वस्तरा ठेवताना त्याच्या पात्याकडे पाहिलं. एरवी ती पात्याकडे पाहत नसे. स्वयंपाकीण चुलीकडे कुठे पाहते.

त्या रात्री नव्हे, पण पुढचे कितीतरी दिवस, दुकानात उभ्या उभ्या, तिला थाओ बाई दिसत राहिल्या. थाओ बाईंचे पाय. गुडघ्यामागून निघून पोटरीवर उतरलेल्या निळ्या-जांभळ्या गाठाळ शिरा, रताळ्याचे वेल जमिनीवर पसरावेत तशा. बाई सकाळी त्यावर फडकी गुंडाळत आणि दुपारी ती सोडून, भिंतीला पाय लावून, दहा मिनिटं उताण्या पडत. “जन्मभर उभं राहून कमावून खाल्लंय ना, ते पायांत साठतंय,” म्हणत. एके सकाळी रेल्वेतल्या एका गार्डाची दाढी करताना बाई थांबल्या, काहीतरी आठवत असल्यासारखं छताकडे पाहिलं, वस्तरा मिटून तबकात ठेवला आणि खाली पडल्या. मरतानासुद्धा वस्तरा मिटून ठेवला बाईंनी! ही गोष्ट छाई-युनने किती गळ्यांपाशी सांगितली असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी ऐकणारा म्हणायचा, असा कारागीर आता होणे नाही. पण छाई-युन तिथे उभी होती, सतरा वर्षांची, हातात गरम पाण्याची किटली घेऊन. वस्तरा मिटलेला नव्हता. तो उघडाच त्या गार्डाच्या कानापासून हनुवटीपर्यंत गेला, बाईंच्या पडत्या हाताबरोबर, अगदी सावकाश, रेघ ओढल्यासारखा. गार्ड वाचला. पुढे कितीतरी वर्षं तो स्टेशनात दिसायचा, आणि त्याच्या गालावरची ती पांढरी रेघ दिसली की छाई-युन रस्ता बदलायची. वस्तरा तिने मिटला होता, नंतर, गोष्टीत. आणि आता पन्नास वर्षांनी तिच्या स्वतःच्या पोटऱ्यांवर तेच वेल चढले होते, आणि छातीत पायऱ्या चुकत होत्या.

“सुरू तर कर,” हुओ-वांग म्हणाला. “फेस वाळतोय.”

“बुदाईच्या मिठागरांत एक बाई होती,” छाई-युन म्हणाली आणि पहिला हात कानाखालून ओढला. “जन्मभर मिठाच्या पाण्यात उभी. पाय असे झालेले, की लोक म्हणायचे, हिने पायांवर साप पाळलेत. एक दिवस नगरदेवाच्या कचेरीतून कारकून आला. म्हणाला, देव यंदा सगळ्यांची हृदयं तपासून घेतोय. काढून दे, उद्या परत देऊ.”

“पावती देतात का?”

“गप्प. गाल हलतोय.”

ती पायांच्या शिरा दाखवायलाच दवाखान्यात गेली होती, हृदयाचं नावसुद्धा काढणार नव्हती. लेक च्या-वेन शिनचूला असते, तिने फोनवर धरणं धरलं होतं: आई, पाय दाखव, नाहीतर मी सुट्टी काढून येते आणि दुकानाला कुलूप लावून तुम्हा दोघांना घेऊन जाते. कुलुपाचं नाव काढलं की छाई-युन कुठेही जायला तयार होत असे. डॉक्टर श्याओ वयाने लेकीएवढी. तिने पोटऱ्या दाबून पाहिल्या, घोट्याजवळचा काळवंडलेला भाग पाहिला, आणि मग अचानक म्हणाली, “मावशी, आता हात द्या.” बोटं मनगटावर ठेवून ती बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिली. “हे असं चुकतंय कधीपासून?” “माझी नाडी लहानपणापासून नाचरी आहे,” छाई-युन म्हणाली, “आमच्या गावात देवीची पालखी निघाली की पोरी माझं मनगट धरून ताल घ्यायच्या.” डॉक्टरीण हसली नाही. हसवूनही न हसणारा माणूस छाई-युनला आवडत नसे. त्याच्या गळ्याचा भरवसा नसतो. “पायांच्या अशा शिरा असतात ना मावशी, त्या लोकांत ठोका चुकण्याचा हा आजारही जरा जास्त दिसतो, असं काही तपासण्यांत आढळलंय. का, ते अजून कुणाला नीट सांगता येत नाही. दोन्हीचं मूळ एक असेल, किंवा नुसता योगायोग. पण तुमच्याकडे दोन्ही दिसतंय, तर चोवीस तासांचं यंत्र लावून बघू.” “आणि बघितल्यावर?” “ठोका असा चुकत राहिला की आत रक्त साकळू शकतं. गुठळी मेंदूत गेली तर अर्धं अंग जातं. हात जातो.” “कुठला हात?” “ते आधी सांगता येत नाही मावशी.” छाई-युनने दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. डावा गिऱ्हाइकाची कातडी ताणतो, उजवा वस्तरा धरतो. एक गेला तरी दुसरा फुकट.

नर्सने छातीवर चिकटपट्ट्यांनी तारा लावल्या, लाल इथे, पिवळी तिथे, हिरवी बरगडीखाली. काडेपेटीएवढं यंत्र कमरेला अडकवलं. आंघोळ करायची नाही, कोणत्या वेळी काय करत होता ते या कागदावर लिहायचं. छाई-युन सगळं बघून घेत होती. एकदा पाहिलेला भांग ती वर्षानंतरही तस्साच पाडू शकते, मग सात तारांची काय कथा. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर आत पुन्हा पायरी चुकली, आणि तिच्या मनात आलं की यंत्राने हे लिहून घेतलं. आता ते कुणीतरी वाचणार. पन्नास वर्षं तिने लोकांना हवं ते सांगितलं आणि नको ते मिटून तबकात ठेवलं, आणि हा काडेपेटीएवढा चहाडखोर सगळं जसंच्या तसं सांगणार, आणि लेक कुलूप घेऊन येणार. मग शिनचूच्या बाराव्या मजल्यावर खुर्चीत बसायचं. बसायचं! तिला बसून काही सुचत नाही. उभी असते तेव्हा गोष्ट पायांतून वर चढते, असं तिला नेहमी वाटत आलं आहे. कुणाला सांगण्यासारखं नाही हे, पण बसलेली छाई-युन म्हणजे कोण, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

घरी हुओ-वांग टीव्हीपुढे होता, बेसबॉल बघत. त्याने जन्मात डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं. रस्त्यावर मांडव घालून शंभर-शंभर टेबलांच्या जेवणावळी उठवणारा आचारी. देवीच्या वाढदिवसाला तीन भट्ट्यांमध्ये एकटा उभा राहायचा, पहाटेपासून, आणि संध्याकाळी शेवटच्या पंगतीला सूप वाढून झाल्यावर एक मोठा वाडगा टर्कीचा भात खाऊन घोरत पडायचा. ‘माझा म्हातारा बैल आहे’ हे तिने इतक्यांदा सांगितलं होतं, की ते खरं की गोष्टीतलं, याचा तिने कधी विचार केला नव्हता. “शर्ट काढ,” ती म्हणाली. त्याने वळूनही पाहिलं नाही. “आता? दोन आउट आहेत.” “शर्ट काढ. तुझं हृदय एक दिवस मला दे.” मग तिने सांगितलं, सगळं नाही, बरंचसं. तो खो-खो हसला. तिने फेस लावून त्याच्या छातीवरचे पांढरे केस वस्तऱ्याने काढले, जिथे जिथे चिकटपट्टी बसायची तिथे तिथे गोल, आणि तो गुदगुल्यांनी कळवळून म्हणाला, “अगं ए, कोंबडीसुद्धा मी मारून मग सोलायचो.” लाल इथे, पिवळी तिथे, हिरवी बरगडीखाली. “आणि डॉक्टरीण म्हणाली, वा, काय हृदय आहे, तर? तिला काय सांगशील?” “सांगेन, पन्नास वर्षं वापरलं नाही, म्हणून नवं राहिलं.” ते दोघं हसली होती. हे हसणं आता तिला आठवत होतं, एखाद्याच्या लग्नाचा फोटो तो गेल्यावर बघावा तसं.

“मग? दिलं का तिने हृदय?” हुओ-वांग विचारत होता. गालाची एक बाजू झाली होती.

“तिचं लंगडं होतं. तिला वाटलं, देवापुढे लंगडं हृदय काय न्यायचं. देव म्हणेल, हिला आता घरी बसवा. नवरा शेजारी घोरत पडला होता. तिने हळूच त्याचं काढलं आणि कारकुनाला दिलं.”

त्याच्या मिटलेल्या पापण्या हलल्या. “ओळखीची वाटते बाई.”

“बुदाईची आहे म्हटलं ना.”

“बुदाईच्या बायका फार वाईट,” तो म्हणाला आणि हसण्यासाठी ओठ रुंद केले. तिने वस्तरा उचलून धरला, हसणं ओसरेपर्यंत.

दवाखान्यातून फोन आला तो पाचव्या दिवशी, दुकानात दोन गिऱ्हाइकं असताना. तारीख पुढच्या आठवड्याची होती, पण नर्स म्हणाली, सोमवारीच या, डॉक्टरांनी लवकर बोलावलंय. तो सोमवार म्हणजे काल. डॉक्टर श्याओने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. हिरव्या चौकटींवर डोंगर, डोंगर, डोंगर, आणि मग एक सपाट रेघ. वाळवंटासारखी लांबच लांब सपाट रेघ, आणि मग पुन्हा डोंगर. “मावशी, हे चार पूर्णांक आठ सेकंद आहेत. इतका वेळ हृदय थांबलं होतं. आणि हे एकदाच नाही. ही बघा दुसरी, ही तिसरी. तुम्हाला चक्कर नाही आली? डोळ्यांपुढे अंधारी?” तिने कागद उचलला, ज्यावर छाई-युनने सुंदर अक्षरात दिवस लिहून दिला होता. “दुपारी दोन सतरा. तुम्ही लिहिलंय, गिऱ्हाइकाची दाढी करत होते. मावशी, वस्तरा हातात असताना तुमचं हृदय पाच सेकंद बंद पडलं, आणि तुम्हाला काहीच कळलं नाही?” छाई-युन रेघेकडे पाहत राहिली. दोन सतराला ती खरंच लाई मास्तरांची दाढी करत होती. आतल्या खोलीतून बेसबॉलचा आवाज येत होता. हुओ-वांग पांघरूण घेऊन, तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि मास्तर म्हणाले होते, नशीबवान आहे तुझा नवरा, झोप बघ कशी. “आश्चर्य आहे,” डॉक्टरीण स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “त्या दिवशी मला नाडीत जे लागलं ते वेगळंच होतं. असो. थांबायचं नाही आता. गुरुवारी सकाळी या, उपाशीपोटी. छातीत छोटं यंत्र बसवू, ते हृदयाला थांबू देत नाही. नाही बसवलं तर एखाद्या वेळी ही रेघ संपणारच नाही.”

बोलायला हवं होतं तेव्हाच. एक वाक्य. हे माझं नाही. जन्मात तिला शब्द कमी पडला नव्हता, पण खोटं उलगडून खरं करायची तिला सवयच नव्हती. ती विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. सरकारी विम्याच्या आपल्या कार्डावर दुसऱ्याचं हृदय दाखवलं, याची काय शिक्षा असते कोण जाणे. आणि हे माझं नाही म्हटलं की पुढचा प्रश्न: मग तुमचं कसं आहे? मग लाल इथे, पिवळी तिथे, आणि तिचं लंगडणं कागदावर, आणि कुलूप. “बरं,” ती म्हणाली होती. “गुरुवारी.” बसमध्ये तिला मूर्खासारखं वाटून गेलं की आपणच जाऊन ते यंत्र बसवून घ्यावं, त्याच्या हृदयासाठीचं आपल्या छातीत. म्हणजे कुणाचंच काही उघड होणार नाही. ही गोष्ट म्हणून किती छान झाली असती!

घरी आली तर हुओ-वांग दारात मोडक्या खुर्चीवर पाय घमेल्यात सोडून बसला होता. आखूड पँट, घोट्यापर्यंत पाणी. आणि तिने ते पाय पाहिले. पाहिले म्हणजे काय, चव्वेचाळीस वर्षं ते पाय घरात होते; जेवणावळीच्या मोसमात तिने स्वतः त्यांना औषधी दारू चोळली होती, अंगठ्याखाली त्या जांभळ्या दोऱ्या गुडगुडत सरकायच्या आणि ती म्हणायची, तुझ्या पायांत गांडुळं झालीत म्हाताऱ्या. तिच्यापेक्षा जाड. तिच्यापेक्षा जुन्या. घोट्याजवळची कातडी चहाच्या डागासारखी काळी. डॉक्टरणीने सांगितलं होतं, स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं: अशा शिरा असतात, त्या लोकांत ठोकाही चुकताना दिसतो. छाई-युनने ते सगळं स्वतःकडे ओढून घेतलं. तिला वाटलं, हे तिच्याबद्दल चाललंय. एवढं ऐकून, घरी येऊन, तिने ठणठणीत हृदय म्हणून कुणाचं निवडलं, तर या पायांच्या माणसाचं. आणि निवडताना ती त्याच्या छातीकडे पाहत होती, चेहऱ्याकडे पाहत होती, गुडघ्यांखाली तिची नजरच गेली नाही. न्हाव्याची नजर. ती गळ्याखाली जात नाही. “काय म्हणाली डॉक्टरीण?” त्याने घमेल्यातून एक पाय उचलत विचारलं. “पाय उंच ठेवून झोपायचं,” ती म्हणाली. “बास?” “बास. बाकी रिपोर्ट यायचाय.”

मग काल संध्याकाळी, भात परतताना, तिच्या मनात तो विचार आला. तो बाहेरून आला असं तिला म्हणायचं होतं, पण तो आतूनच आला होता, अगदी तिच्याच आवाजात, तिच्याच सुरुवातीने: आता मी जे सांगणार आहे ते खरं वाटायचं नाही. त्याला सांगितलंच नाही तर? एकाहत्तर वर्षांचा माणूस. त्याला काही होत नाही, काही कळत नाही. एखाद्या दुपारी बेसबॉल चालू असताना रेघ संपणार नाही. तोंड उघडं, पांघरूण छातीपर्यंत. पुढच्या खोलीत ती कुणाच्या तरी गळ्यापाशी असेल. लोक म्हणतील, किती सुखाचं मरण, आणि ते खरंच असेल, आणि दुकान उघडं राहील. कुणी विचारणार नाही. गुरुवार येईल आणि जाईल, दवाखान्यातून फोन येतील, मग थांबतील. विचाराला सगळं सुचत गेलं, एखादी गोष्ट रंगात येते तसं. चमचा हातात घेऊन ती उभी होती, आणि समोर भिंतीवर आरसा नव्हता, तरी तिला स्वतःचा चेहरा दिसला. तो घाबरलेला नव्हता, हेच भयंकर होतं. तो गोष्ट सांगणाऱ्या बाईचा चेहरा होता, पुढे काय येणार ते माहीत असलेला. “करपतंय काहीतरी,” हुओ-वांग बाहेरून ओरडला. आचाऱ्याचं नाक. “अगं, करपतंय!”

त्यानंतर ती मोजत होती. चार पूर्णांक आठ म्हणजे किती, ते तिला काढायचं होतं. सकाळी पट्ट्यावर वस्तरा परजताना तिने मोजलं: एक बाजू, दुसरी बाजू, एक बाजू, दुसरी बाजू, आणि जवळजवळ पाचवी. एवढ्यात मास्तरांचा गळा पुरा होतो. एवढ्यात थाओ बाई छताकडे पाहून खाली आल्या होत्या. एवढ्या वेळात छाई-युनच्या स्वतःच्या छातीतला चोर सात घरं पळून येतो. दोघांमध्ये मिळून एक धड हृदय होईना. आणि आता तो तिच्यापुढे पडला होता, मान मागे टाकून, पांढऱ्या कापडाखाली, पायटेकणीवर ते दोन पाय. दोन्ही गाल झाले होते. हनुवटी झाली होती. तिने डाव्या हाताची बोटं त्याच्या जबड्याखाली ठेवून कातडी वर ताणली. बोटांखाली ते होतं. थड, थड, थड, अगदी घरचं, ओळखीचं, रस्त्यावर लांबून येणाऱ्या माणसाची चाल ओळखावी तसं. तिला रडू आलं नाही. तिला त्याचा राग आला, इतक्या वर्षांत एकदाही कुरकुरला नाही म्हणून.

“वस्तरा खाली आला,” हुओ-वांग ओठ न हलवता म्हणाला. “म्हणजे आता कुणीतरी मरणार.”

“या गोष्टीत कुणी मरत नाही.”

“मग गळ्यापाशी कशाला सांगतेस?”

“तुझा गळा मला पाठ आहे. हसलास तरी कापणार नाही.”

“बरं. मग देव काय म्हणाला? परत आलं का हृदय?”

थड, थड, थड. बाहेर गल्लीतून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली, बायका पिशव्या घेऊन धावल्या, कुणीतरी “थांब रे!” ओरडलं. तिला वाटलं, आता गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत बोलायचं. गाडी वळली. थड, थड. गुरुवार परवा. तिला वाटलं, शिनचूच्या बाराव्या मजल्यावरून निदान डोंगर तरी दिसत असतील. तिला वाटलं, त्याला न सांगता मी एकदा तरी गेले आहे का कुठे, बाजारातसुद्धा. थड. आणि मग बोटांखाली काही आलं नाही. ती थांबली. बोटं जरा सरकवावीत का, की आपलीच बोटं बधिर झाली? छतावरचा पंखा फिरत होता. आरशात पंखा फिरत होता. तीन. तिच्या स्वतःच्या छातीत सगळं सैरावैरा धावत होतं, दोघांच्या वाटचं. चार. मग बोटांखाली जड काहीतरी उलटलं, आणि पुन्हा ती चाल सुरू झाली, काही न झाल्यासारखी, आणि हुओ-वांगने डोळे मिटल्या मिटल्या भुवया किंचित आक्रसल्या आणि सैल सोडल्या.

“परत आलं,” छाई-युन म्हणाली. आवाज चांगला लागला होता, नेहमीचा, गिऱ्हाइकाला झुलवणारा. “कारकून स्वतः घेऊन आला, लाल कापडात गुंडाळून. देव म्हणाला, इतकी वर्षं इथे बसून मोजतोय, पण असं हृदय पाहिलं नाही. बैलाचं आहे. कुठे थांबत नाही, कुठे अडखळत नाही. शंभर वर्षं बघायला नको. बाई नवऱ्याच्या छातीत ते परत ठेवून आपल्या कामाला लागली, आणि...”

“खोटं,” हुओ-वांग म्हणाला.

त्याने डोळे उघडले होते आणि आरशातून तो तिच्याकडे पाहत होता. तो हसत नव्हता.

“वस्तरा कधीचा हवेत आहे म्हातारे, आणि तुझी बोटं माझ्या गळ्यावर मोजतायत. रिपोर्ट आलाय. खरं सांग, किती वेळ थांबतं माझं?”